अंगणातून ग्रहांचे छायाचित्रण



शिवथरच्या खोऱ्यात ग्रहांच्या छायाचित्रांवर व्याख्यान कशाला, असे कुणी मनात म्हणत असेल. पण आकाश काही वेधशाळांच्या मालकीचे नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली उभी राहिली, ती हौशी मंडळींच्याच बळावर.

गुरूचे बिंब जवळ असताना सुमारे ४५ विकलांचे, म्हणजे चंद्राच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढे दिसते. सहा इंची आरशाच्या, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा पडते पाव मिलिमीटरची. मोहरीचा दाणासुद्धा तिच्याहून मोठा! बार्लो भिंगाने ती दुप्पट करावी. फार ताणली तर फुगते, पण तपशील काही वाढत नाही.

खरा वैरी म्हणजे हवा. हलत्या पाण्यातून विहिरीचा तळ दिसावा, तसा ग्रह थरथरतो. यावर तोड अशी, की एक छायाचित्र न घेता दोनतीन मिनिटांचे चलच्चित्र घ्यावे. त्या हजारो चित्रांतली स्थिर क्षणांची तेवढी संगणक निवडतो आणि एकावर एक रचतो. ‘रजिस्टॅक्स’, ‘ऑटोस्टॅकर्ट’ या आज्ञावली हेच काम करतात. मात्र गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो. रेंगाळलात तर पट्ट्यांवरचे तपशील फिसकटलेच.

अंतराळयानांच्या काळात या खटाटोपाचा उपयोग काय? १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर नवा काळा डाग दिसला. काहीतरी येऊन आदळले होते. नासाच्या हवाईतील दुर्बिणीने खात्री केली ती त्याने कळवल्यानंतर!

ग्रह तेजस्वी असल्यामुळे त्यांना गडद अंधार लागत नाही. मुंबईचे आपले चाकरमानीही हे करू शकतील. पण सिमेंटची गच्ची दिवसाची ऊन रात्री उशिरापर्यंत ओकत राहते. त्यापेक्षा सारवलेले अंगण बरे. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका निवतो. इथे ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १८ अंश, त्यामुळे उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसणारच नाही. तिथे होकायंत्रावर भागवावे. उलट, डिसेंबर २०२४ मध्ये गुरू आपल्या जवळजवळ डोक्यावरून गेला. युरोपातल्या हौशांना हे भाग्य नाही.

आणि प्रत्येक चित्राखाली तारीख व वेळ, मिनिटासकट, लिहून ठेवा. वेस्लीसारखा डाग दिसला, तर पहिला प्रश्न तोच येईल.