पिस्तूल निवडण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"बाईने कोणतं पिस्तूल घ्यावं?" हा विषय शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहून तुमच्यातल्या काहीजणींना नवल वाटलं असेल. मी तो मुद्दाम मागून घेतला. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका पूर्वी विचारायच्या, "ताई, मिरचीची पूड जवळ ठेवू का?" आता एखादी मोबाईलवर तळहातात मावेल एवढ्या पिस्तुलाचा फोटो दाखवते आणि म्हणते, "हे आपल्याकडे मिळतं का हो?" विचारणारी कधी शिक्षिका असते, कधी रात्रपाळीची नर्स, कधी शेतवस्तीवर एकटी राहणारी विधवा.

अशा बाईला आपण काय सांगतो? बहुतेक वेळा हसून विषय बदलतो, नाहीतर "हिंसेला हिंसा हे उत्तर नव्हे" म्हणून तिला गप्प करतो. मला दोन्ही पटत नाही. तिची भीती खरी आहे. जीव वाचवण्याचा हक्कही तिचाच आहे. म्हणून मी आज तिच्या प्रश्नाला प्रश्न म्हणूनच घेणार आहे. छोटं पिस्तूल काय करू शकतं, कशासाठी उपयोगी नाही, आणि ते जवळ बाळगायचं तर बाईपाशी आधी काय असावं लागतं, हे आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

आधी हे बघू, की "बाईची बंदूक" ही कल्पना आली कुठून. ती बायकांच्या चळवळीतून आलेली नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९०२ सालीच "लेडीस्मिथ" नावाचं ०.२२ बोअरचं इवलंसं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. ते १९२१ मध्ये बंद झालं. पुढे १९८९ मध्ये त्याच कंपनीने तेच नाव पुन्हा वापरून बायकांसाठी हत्यारं बाजारात आणली. आपल्याकडे १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना घडली, देशभर बायका रस्त्यावर आल्या. जलद न्याय, दिवाबत्ती, बससेवा, पोलिस सुधारणा अशा कितीतरी मागण्या आपण केल्या. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने "निर्भीक" नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. बोअर ०.३२, वजन सुमारे ५०० ग्रॅम, सहा गोळ्या, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. खास बायकांसाठीचं देशातलं पहिलं हत्यार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मणिपूरमध्ये बंदुकीमुळे विधवा झालेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच त्याला जाहीर विरोध केला होता.

किमतीचा हिशेब करून बघा. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली, तर ४०० हून जास्त दिवसांची मजुरी या एका हत्यारात जाते. काडतुसं आणि सराव यांचा खर्च वेगळाच.

आता हत्याराकडे वळू. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई आहे, नेमबाज नाही. पण बाईला सल्ला द्यायचा तर एवढं तरी माहीत हवंच. बोअरचा आकडा म्हणजे गोळीची ढोबळ जाडी, इंचात. लहान पिस्तुलं ०.२२, ०.२५, ०.३२ अशा बोअरची असतात. पोलिस आणि लष्कर वापरतात तो ९ मिलिमीटरचा बोअर आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बाईपुढे निवड असते ती बहुधा ०.२२ किंवा ०.३२ यांची.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र फिरतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. वापर सोपा, पण चाप जड असतो. पिस्तुलाचा चाप बहुधा हलका, पण पहिली गोळी भरायला वरची स्लाइड हाताने मागे ओढावी लागते. छोट्या पिस्तुलांत तिची स्प्रिंग पुष्कळदा इतकी ताठ असते की बोटं दुखणाऱ्या, सांधे धरलेल्या बाईला ते जमत नाही. ०.२२ चा झटका कमी बसतो. मात्र त्याच्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेला असतं, आणि ते न पेटण्याचं प्रमाण इतर काडतुसांपेक्षा जास्त.

"लहान आणि हलकं म्हणजे बाईला सोयीचं" हे वाक्य जाहिरातीत छान दिसतं. प्रत्यक्षात एकाच काडतुसाचा झटका हलकं हत्यार जास्त देतं. नळी आखूड असली की नेम धरायला जागा कमी, हात जरासा हलला तरी गोळी भलतीकडे जाते. शिवाय गोळी लहान असेल तर अंगावर धावून येणारा माणूस ती लागताच कोसळेल असं नाही. म्हणजे सोयीचं दिसणारं हत्यार वापरायला जास्त अवघड, आणि त्याला सराव जास्त लागतो. मैदान, काडतुसं आणि मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी दर महिन्याला कोणत्या बाईला मिळतात?

आणि ते ठेवायचं कुठे? सराव घेतलेला माणूस हत्यार कमरेच्या पट्ट्याला, म्यानात लावतो. साडीला पट्टा नाही, पंजाबी ड्रेसला बहुधा खिसाही नाही. मग ते जातं पर्समध्ये. आणि पर्स जाते एसटीच्या फळीवर, कचेरीतल्या खुंटीवर, घरी आल्यावर पलंगावर. चोर हिसकावतो तीही पर्सच. अमेरिकेत आयडाहो राज्यात ३० डिसेंबर २०१४ रोजी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून आई जागीच गेली. ती पर्स हत्यार ठेवण्यासाठीच खास बनवलेली होती. आई परवाना असलेली होती, हत्यार वापरायला शिकलेलीही होती.

वेळेचा हिशेबही बघा. अमेरिकेतले पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की धावत येणारा माणूस २१ फुटांचं अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात शिकलेला पोलिस कमरेचं हत्यार जेमतेम बाहेर काढतो. आपली बाई गल्लीत, जिन्यात, शेअर रिक्षात असते. तिथे २१ फूट असतात तरी का? आणि तिला आधी पर्सची चेन उघडायची असते.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. शहरात पोलिस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. धोका काय आहे ते दाखवावं लागतं, आणि जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. म्हणजे ज्या ठाण्याने "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" म्हणून बाईला परत पाठवलं, त्याच ठाण्याने आता तिच्या जिवाला धोका आहे असं लिहायचं! २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि धारकाच्या ताब्यात असावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीने बेकायदा हत्याराची शिक्षाही वाढवली. म्हणून कोणी भाऊ, कोणी ओळखीचा "गावठी कट्टा आणून देतो" म्हणाला, तर बाईला स्पष्ट सांगा: तो हातातच फुटू शकतो, आणि सापडला तर तुरुंगात तीच जाईल, आणून देणारा नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र भक्कम आहे. जीव घेण्याच्या, बलात्काराच्या, ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही प्रतिकार करता येतो. हे भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमात आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि गरज किती होती हे नंतर कोर्टात ठरतं. ती लढाई तिला महिनोन् महिने लढावी लागेल, हेही तिला आधी कळलं पाहिजे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे सगळं हत्यार, सगळा सराव एका चित्रावर उभा आहे. त्या चित्रात रात्र आहे, सुनसान रस्ता आहे आणि अनोळखी पुरुष आहे. तो धोका खोटा नाही. पण आपल्या केंद्रांतल्या फायली उघडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात बलात्काराच्या शंभरातल्या ९६ प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. या माणसाला कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत असतं. पर्समधून तो रोज सुट्टे पैसे काढतो. अशा घरात आलेलं हत्यार बाईच्या नावावर असलं, तरी ताब्यात कोणाच्या राहील?

अमेरिकेत यावर अभ्यास झाले आहेत. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मारहाण करणाऱ्या जोडीदाराला बंदूक उपलब्ध असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटीने वाढलेला दिसला. कॅलिफोर्नियातल्या २०२२ च्या अभ्यासात पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या, पण स्वतःचं पिस्तूल नसलेल्या माणसांचा विचार केला. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपट होतं, आणि त्या बळींत दर शंभरात ८४ बायका होत्या.

आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं सांगते. नवऱ्यापासून वेगळी राहायची. तो शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा, रात्री जिन्यात येऊन बसायचा. तिने पिस्तुलाची किंमतही काढून आणली होती. आम्ही तिला नको म्हटलं नाही. कागद घेऊन बसलो आणि तो कुठे, किती वाजता, किती जवळ येतो ते तिच्याकडूनच लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिच्याच लक्षात आलं की घराची जुनी किल्ली अजून त्याच्याकडे आहे. पहिल्यांदा कुलूप बदललं. मग शेजारच्या दोन घरांना आणि मुख्याध्यापिकांना विश्वासात घेतलं. पाठलागाची लेखी तक्रार दिली. ठाण्याने घेतली नाही, तेव्हा ती पोस्टाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवली. पुढे तक्रार नोंदली गेली. परवान्याचा विचार तिने अजून सोडलेला नाही. तो निर्णय तिचा आहे, आणि आता ती तो माहितीनिशी घेईल.

तर अशी बाई आली की आपण काय करायचं? मला सुचतं ते सांगते.

पहिलं, तिला पाच प्रश्न विचारा. भीती कोणाची? तो किती अंतरावर असतो? हत्यार घरात कोणाच्या हाती लागू शकतं? लहान मुलं आहेत का? आणि मनात कधी स्वतःचा जीव देण्याचा विचार येतो का? शेवटचा प्रश्न विचारताना आपल्यालाच अवघड वाटतं, पण तो टाळू नका. मार खाणाऱ्या कितीतरी बाया त्या काठावर उभ्या असतात. उत्तर "हो" आलं, तर त्या घरात हत्यार नको. त्या दिवशी तिला एकटी परत पाठवू नका.

दुसरं, आपल्या नोंदणी अर्जात एक ओळ वाढवा: "घरात हत्यार आहे का? परवान्याचं की बिनपरवान्याचं?" आपण हुंडा विचारतो, दारू विचारतो, हे मात्र विचारत नाही. नवऱ्याच्या नावाने परवाना असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण आदेशाच्या अर्जात "हत्यार जमा करून घ्यावं" ही मागणी लिहा. सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाने परवाना अधिकाऱ्याला दिला आहे. त्याच्याकडे वेगळा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

तिसरं, पाठलाग. न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाप्रमाणे तो पहिल्यांदा जामीनपात्र गुन्हा आहे, दोषी ठरून पुन्हा केला तर जामीनपात्र नाही. म्हणून पहिली तक्रार "किरकोळ" म्हणून सोडू नका.

शेतवस्तीवरच्या एकट्या बाईने सगळा विचार करून परवाना मागितला, तर तिच्या अर्जासाठी मी तिच्याबरोबर कचेरीत जाईन. पण सरकारने सव्वा लाखाचं हत्यार दाखवून "आता तुमची सुरक्षा तुम्ही बघा" म्हटलं, तर ते आपण मान्य करायचं नाही. रस्त्यावरचा दिवा, शेवटची एसटी, तक्रार लिहून घेणारं ठाणं, संरक्षण अधिकाऱ्याचं भरलेलं पद, या आपल्या मागण्या तशाच उभ्या आहेत.

अर्जातली ती नवी ओळ या महिन्यापासून भरायला सुरुवात करू या. तीन महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा प्रत्येक केंद्राने किती घरांत हत्यार निघालं आणि त्यातली किती जमा झाली, हे आकडे घेऊन यावं. त्यावरून पुढे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे काय मागायचं ते ठरवू.