भांगेचे शेत

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "होळी तर होऊन गेली, आता भांग कसली?" प्रश्न थट्टेचा होता, पण आपली अडचण नेमकी त्यातच आहे. भांग म्हटले की आपल्याला पेला आठवतो, शेत आठवत नाही. पाणिनीला ते आठवत होते. तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणावे हे सांगणाऱ्या अष्टाध्यायीतील सूत्रात भांगही आहे. भांगेच्या शेताला 'भंग्य' किंवा 'भांगीन' म्हणावे, असे ते सूत्र सांगते. ज्या पिकाच्या शेतासाठी व्याकरणकार शब्द नोंदवतो, ते पीक लोकांच्या नित्य परिचयाचे असणार.

येथे एक खुलासा करतो. आपल्याकडचा सणाचा ताग हे द्विदल कुळातले झुडूप, तर अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. इंग्रज व्यापाऱ्यांनी या साऱ्यांना सरसकट 'हेंप' म्हणून टाकले आणि घोळ झाला. मी बोलतो आहे ते खऱ्या भांगेविषयी. गांजा हिच्याच मादी झाडांच्या फुलोऱ्यापासून होतो, हे लपवण्याचे कारण नाही. तंतूसाठी ती दाट पेरतात, म्हणजे झाड फांद्या न फोडता काठीसारखे सरळ वाढते. काठ्या पाण्यात कुजत घातल्या की सालीतील चिकटा सुटतो आणि वाख मोकळा होतो. अंबाडीचा वाख ज्यांनी काढला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. वाखापासून दोर, पोती आणि कापड होते, बियांचे तेल निघते, आणि उरलेल्या काड्यांचा भुगा चुन्यात कालवला तर भिंत उभी राहते.

भिंतीची गोष्ट आपल्या घरचीच आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश सापडल्याचे राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तेथील चित्रांना किडींनी उपद्रव दिला. वेरूळचा गिलावा टिकण्यात भांगेचा वाटा असावा, असे या संशोधकांना वाटते.

पण पुराव्यासाठी इतके मागे जाण्याचीही गरज नाही. कुमाऊँ आणि गढवालमध्ये ही विद्या अलीकडेपर्यंत जिवंत होती. तेथे भांगेच्या वाखाचे जाडेभरडे वस्त्र विणत, त्याला 'भंगेला' म्हणत. धान्याची पोती आणि दोरही त्याच वाखाचे. भाजलेल्या बियांची लिंबू पिळून केलेली चटणी आजही तेथील घराघरांत वाटली जाते. ती खाऊन कोणाला नशा चढत नाही.

आता त्या डोंगरांची स्थिती पाहा. २०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या गणनेपेक्षा चक्क घटलेली आढळली. तरुण मैदानी शहरांकडे गेले. जे राहिले, त्यांच्या शेतात वानरे आणि रानडुकरे. ही जनावरे भांगेला सहसा तोंड लावत नाहीत, असे पहाडी मंडळी सांगतात. पडीक पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत, पावसाच्या पाण्यावर चार महिन्यांत हाती येणारे असे पीक तेथे किती मोलाचे ठरेल, याचा विचार करा.

मग अडले कोठे? आपण पटकन म्हणतो, कायद्याने. पण हे अर्धेच खरे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा उघडून पाहा. बिया आणि फुलोऱ्यावाचूनची पाने त्याने भांगेच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. कलम १४ नुसार तर केवळ तंतू वा बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते. दार होते, कडीही आतूनच होती. ती काढायला ३३ वर्षे लागली. २०१८ साली उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला. असा परवाना देणारे ते देशातील पहिले राज्य. नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून केंद्रीय मान्यताही मिळाली.

तरीही गाडे रुतले आहे, आणि त्याची कारणे भाषणबाजीने सुटणारी नाहीत. टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवे, ही अट आहे. हिमालयातील गावठी वाणांत ते पुष्कळदा त्याहून जास्त भरते. बाहेरून बी आणावे, तर ते महाग. शिवाय भांगेची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर जातो. बांधापलीकडे रानभांग माजलेली असेल, तर शुद्ध बी राखणार कसे? प्रमाण ओलांडले तर कष्टाचे उभे पीक हातचे जाते. असा जुगार लहान शेतकऱ्याने कशाच्या बळावर खेळावा?

आपल्या मंडळींना थोडे कटू वाटेल, पण बोलतो. 'आपल्याकडे सारे पूर्वीच होते' असे म्हणून आपण टाळ्या घेतो आणि घरी जातो. पाणिनीचा शब्द आपल्याला बी देत नाही. फ्रान्सने आणि चीनने वाण निवडले, वाख काढण्याची यंत्रे बनवली, गिरण्यांशी सांगड घातली. आपल्याकडे हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांकडून नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करून घेण्यास मान्यता दिली. मला आशा वाटते ती अशा कामातून. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला 'उद्यापासून भांग लाव' असे सांगणारे मात्र त्याची फसवणूक करतात. वाण, परवाना आणि खरेदीदार, यांपैकी काहीच आज त्याच्या हाती नाही.

जाता जाता, पहाडातून आणलेला हा पंचा मागच्या रांगेपर्यंत फिरवतो आहे. हाताला खरखरीत लागेल. तरी यात निम्मा कापूस आहे. भांगेचा तंतू लांब आणि राठ, तो सूतगिरणीच्या चातीवर एकटा चालत नाही, आधी तोडून मऊ करावा लागतो. ते यंत्र त्या गावात अजून पोचलेले नाही. हे सूत हातानेच कातलेले आहे.