शाळेतील पाखरांची नोंदवही
(पेण व रोहे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा वर्गात नवी मुले येतात आणि शाळेबाहेरच्या शिवारात नवी पाखरे येतात. मुलांची नोंद हजेरीपत्रकात त्याच दिवशी होते. पाखरांची नोंद कोठेच होत नाही. ही दुसरी नोंद प्राथमिक शाळेस ठेवता येईल काय, ती कशी ठेवावी आणि न ठेवल्यास कोणती हानी होते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या कामासाठी पेण आणि रोहे यांच्याइतका सोयीचा मुलूख थोडाच असेल. पूर्वेस सह्याद्रीच्या उतारावरील रान, मध्ये भातशेती, पश्चिमेस खारेपाट आणि खाडी असे तीन निरनिराळे पट्टे येथे एका दिवसाच्या चालीत येतात. भोगावती पेणवरून वाहत जाऊन खाडीस मिळते. अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत उतरते. कुंडलिका भिऱ्याकडून कोलाड व रोहे येथून वाहत रेवदंड्यास समुद्रास मिळते. कोकणातील बहुतेक नद्या चैत्र-वैशाखात आटतात; कुंडलिका मात्र वाहती राहते. मुळशीच्या जलाशयाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरून तिच्या पात्रात येते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्यामुळे ऐन मे महिन्यातही खंड्या, पाणकावळा व बगळे यांना या नदीचा आधार असतो. उत्तरेस पनवेल तालुक्यात १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, तर दक्षिणेस मुरूड व रोहे या भागांत १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य आहे. परंतु शाळेच्या नोंदवहीसाठी अभयारण्यात जाण्याची गरज नाही. विहिरीवरचा माड, शेताचा बांध आणि ओढ्याची दरड एवढे पुरे आहे.

पाखरांचे वर्ष शाळेच्या वर्षाबरोबरच सुरू होते असे मानण्यास हरकत नाही. पाऊस जवळ येऊ लागला की पावशाचा आवाज वाढत जातो. ‘पेर्ते व्हा’ असे शेतकरी त्याचे बोल लावतात. याच सुमारास डोक्यावर तुरा असलेला काळापांढरा चातक येतो. मे-जूनमध्ये झाडीच्या गावांत नवरंग उतरतो. हिरवी पाठ, निळे पंख, शेपटीखाली लाल रंग आणि आखूड शेपूट अशी त्याची खूण. पहाटे व सांजवेळी त्याची दुहेरी शीळ ऐकू येते. प्रवासाने थकलेला नवरंग कधी कधी पडवीतही येऊन पडतो. अशा वेळी त्यास खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी थोडा वेळ ठेवून सोडून द्यावे. पिंजऱ्यात घालू नये. येथे वीण उरकून तो पावसाळ्यानंतर दक्षिण भारत व श्रीलंका यांच्या बाजूस परततो.

याच दिवसांत दाट सावलीच्या ओढ्यांवर तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा हा पक्षी. पायास तीनच बोटे असल्यामुळे त्यास हे नाव पडले. पोट पिवळे, पाठ निळी-जांभळी, चोच लाल. ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून तो भर पावसात पिले वाढवितो. दरड कापली किंवा काठची झाडी तोडली की त्याचे घर गेले. ज्या गावात त्याची बिळे आहेत, त्या गावच्या शाळेस ती जागा ठाऊक असणे अगत्याचे आहे. श्रमदानाने ओढा साफ करण्याचे काम निघाले, तर कोणती दरड राखावी हे सांगणारे कोणी तरी गावात असले पाहिजे.

लावणीच्या दिवसांत शेतात दोन ओळखीचे पक्षी नव्या रूपात दिसतात. एरव्ही पांढराशुभ्र असणारा गायबगळा विणीच्या काळात डोक्यावर, मानेवर व पाठीवर नारिंगी होतो. मातकट रंगाची ढोकरी पाठीवर किरमिजी रंग धारण करते. मुले यांस निराळे पक्षी समजतात. शिक्षकाने लगेच उत्तर न सांगता जून ते ऑक्टोबर दर आठवड्यास त्यांचा रंग वहीत लिहावयास लावावे. पाखरू बदलले की पिसे बदलली, याचा उलगडा मुलांना आपोआप होईल.

श्रावण-भाद्रपदात शिंदीवर, माडावर अथवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबू लागतात. पाऊस सरताना करड्या पाठीचा व पिवळ्या पोटाचा परीट उत्तरेकडून येतो आणि ओढ्याच्या दगडांवर शेपूट हलवीत फिरतो. येथे एक सावधगिरी हवी. काळापांढरा, पांढऱ्या भुवईचा परीट बाराही महिने नदीवर असतो. ‘परीट आला’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. कोणता परीट, हे लिहिले पाहिजे. भात पिकले की मुनियांचे थवे शेतात उतरतात. शेतकरी त्यांस हाकलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु धान्य खाणारी सुगरणसुद्धा आपल्या पिलांना किडे व टोळ भरविते, हेही मुलांस कळले पाहिजे.

हिवाळ्यात लक्ष खारेपाटाकडे वळवावे. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलावर तुतारी व तिच्या जातीचे चिखलपक्षी धावताना दिसतात. यांतील पुष्कळ पक्षी उत्तर आशियातून आलेले असतात. पेणच्या बाजूस मिठागरे, खारबांध, उघाड्या आणि जिताड्याची तळी ही त्यांस पाहण्याची ठिकाणे आहेत. येथे वेळेबरोबर भरती-ओहोटी लिहिणेही आवश्यक आहे. भरतीच्या वेळी चिखल झाकला जातो, आणि मग ‘पक्षी नव्हते’ या नोंदीस अर्थ राहत नाही. तारांवर भिंगऱ्यांच्या ओळी बसतात. माघ-फाल्गुनात सावर, पळस व पांगारा फुलले की साळुंक्या, बुलबुल, कोतवाल व शिंजीर यांची एकाच झाडावर गर्दी होते, आणि त्यांत भोरड्यांचे गुलाबी थवेही असतात. ज्या शाळेच्या आवारात पांगारा आहे, तिला निसर्गपाठासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही. पुढे चैत्रात राब भाजताना धुरातून उडणारे किडे पकडण्यास कोतवाल येतात. तांबट वठलेल्या फांदीत भोक पाडतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवितो.

आता या निरीक्षणाचा उपयोग काय, असा प्रश्न येईल. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. डॉ. सलीम अली यांची मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरी पैशाअभावी बंद झाली, तेव्हा ते अलिबाग तालुक्यातील किहीम येथे येऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीपुढे ते दिवसेंदिवस बसून राहिले. हाती दुर्बीण, वही आणि भरपूर वेळ, याखेरीज साधन नव्हते. घरटी नर विणतो. अर्धे विणून झाले की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडलेल्या घरट्यात मादी राहते. आणि नर ते पुरे करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे घेतो, असा सगळा क्रम त्यांनी नोंदविला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि जगातील पक्षिशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. ही घरटी शतकानुशतके कोकणातल्या प्रत्येकाने पाहिली होती. तरीही नावावरून सर्वांनी विणकामाचे श्रेय मादीस दिले होते. कोकिळेचेही तसेच आहे. ‘कुहू’ हा आवाज काळ्या नराचा. ठिपकेदार मादी तसे गात नाही. चातक फक्त पावसाचेच थेंब पितो, ही कविकल्पना होय. मुलांनी कविता आवडीने म्हणावी, आणि डोळ्यांनी पाहिलेले वहीत वेगळे लिहावे. दोन्हीस शाळेत जागा आहे.

दुसरे उत्तर दुःखाचे आहे. पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की थोड्याच वेळात गिधाडे जमत. ती इतकी सामान्य होती की कोणी मोजली नाहीत. पुढे ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांस विषासारखे ठरते, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, आणि २००६ साली गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. आपल्या जिल्ह्यात म्हसळे-श्रीवर्धनच्या बाजूस थोडी गिधाडे तगून राहिली. परंतु पेण किंवा रोहे तालुक्यातील एखाद्या गावात शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी दिसले, असे विचारले तर वडीलधारी माणसे ‘पुष्कळ होती, मग नाहीशी झाली’ एवढेच सांगतात. त्या गावांत शाळा होत्या, शिक्षक होते, खडू व वह्या होत्या. एका ओळीची नोंद मात्र नव्हती. ज्या पक्ष्यास आपण आज सामान्य समजतो, त्याची नोंद आजच करावयास हवी.

साध्या माणसांच्या नोंदी मोलाच्या ठरतात याचा पुरावाही आता आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. तेव्हा खेड्यातील शाळेची नोंद लहान असली तरी निरुपयोगी नाही, फक्त ती खरी असली पाहिजे.

यासाठी शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. शाळेची एकच जाड वही ठेवावी. तिचे रकाने असे असावेत : तारीख, वेळ, ठिकाण, गावातील नाव, पुस्तकातील नाव, संख्या, पक्षी काय करीत होता, पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. शिक्षकाची बदली झाल्यास ही वही दप्तराबरोबर पुढील शिक्षकाच्या ताब्यात द्यावी.

२. गावातील नाव आधी लिहावे. एकाच पाखरास आगरी पाड्यात, कातकरी वाडीवर आणि ठाकरांच्या वस्तीत निरनिराळी नावे असू शकतात. ती सर्व लिहावीत. पुस्तकातील नाव मागाहून शोधता येते. बोलीतील हरवलेले नाव पुन्हा मिळत नाही.

३. ओळख पटली नसल्यास नाव लिहू नये. आकार, रंग, चोच, आवाज लिहून पुढे ‘ओळख पटली नाही’ असे लिहावे. शिक्षकास उत्तर ठाऊक नसणे यात कमीपणा नाही. चुकीचे नाव लिहिणे मात्र पुढील सर्वांस फसविणारे आहे.

४. ‘दिसला नाही’ हीदेखील नोंद आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून एकदा अर्धा तास पाहावे, आणि जो अपेक्षित होता पण आला नाही त्याचेही नाव लिहावे.

५. घरट्यास हात लावू नये, अंडी आणू नयेत, पोपट पाळू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरे धरणे हा गुन्हा आहे.

६. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ रोजी व डॉ. सलीम अली यांचा १२ रोजी येतो. हे दिवस दिवाळीच्या सुटीत किंवा तिच्या आगेमागे येत असल्याने मुलांस सुटीपूर्वीच घरचे निरीक्षण नेमून द्यावे.

शेवटी गलोलीविषयी. गलोल घेऊन फिरणारा मुलगा शिक्षकास त्रासदायक वाटतो. तो वर्गात पुष्कळदा मागच्या ओळीत असतो आणि वाचनात अडखळतो. परंतु कोणते पाखरू कोणत्या झाडावर कधी येते, कोणाच्या घरट्यात पिले उघडी झाली आहेत, हे साऱ्या शाळेत त्यालाच अचूक ठाऊक असते. हे ज्ञान त्याने वडिलांकडून व आजांकडून घेतले आहे. गलोल हिसकावून छडी दिल्यास तो शाळा सोडील आणि गलोल नवी करील. त्याऐवजी एका घरट्याची राखण त्याच्याकडे द्यावी. अंडी किती, पिले केव्हा निघाली, केव्हा उडाली, हे त्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे. काही दिवसांनी आपण सांगितलेले लिहिले गेले की नाही, हे पाहण्यासाठी तो स्वतः वही वाचू लागेल. त्याने सांगितलेल्या ओळीपुढे त्याचे नाव शाळेच्या वहीत असेल, आणि ती वही शाळेत राहील. पुढे केव्हा तरी त्याच शाळेत त्याचे मूल येईल, तेव्हा ओढ्याच्या दरडीत तिबोटी खंड्या होता की नव्हता, याचे उत्तर गावास त्या वहीत सापडेल.