सहीआधीचा हिशेब



अध्यक्षपद मला दिलेत, आभारी आहे. आभार एवढेच पुरे, कारण पेण-पनवेलकडे परतणाऱ्यांना गाडी गाठायची आहे आणि दिवा मेमू अध्यक्षीय भाषणासाठी थांबत नाही.

या मेळाव्याच्या पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘येत्या करारात आपल्याला काय मिळेल?’ तो विमानतळावर कामाला लागलेल्यांनी सुचवला. काही वर्षांपूर्वी रोह्यात विमान कामगारांच्या कराराचा विषय कुणी ठेवला असता, तर लोक हसले असते. आपल्याकडे कामगार म्हणजे धाटावच्या रसायन कारखान्यातला, नागोठण्याच्या पेट्रोकेमिकलमधला, एसटीचा, नाहीतर पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी-रंगकाम करणारा. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली आणि हे सगळे आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. आता आपल्या घरातली पोरे सामान चढवतात, चेक-इनच्या काउंटरवर उभी राहतात, केबिन साफ करतात. मी मुंबईच्या विमानतळावर लोडर म्हणून नोकरी काढली आणि बरीच वर्षे युनियनचे काम केले, म्हणून ही खुर्ची माझ्याकडे आली असावी.

मुंबईला असताना ज्या चर्चा कॅन्टीनमध्ये ऐकल्या, त्याच गेल्या महिन्यात पेणला गणपतीच्या कारखान्यामागच्या एका खोलीत पुन्हा ऐकल्या. दोन पक्ष होते. एक म्हणत होता, एकदा विमाने बंद पाडू, मग बघू कोण बोलायला येत नाही. दुसरा म्हणत होता, युनियनचे नाव काढले की उद्या पास काढून घेतील आणि पास गेला की गेट बंद. आवाज चढले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मुलीने पिशवीतून पगाराची स्लिप काढून सतरंजीवर ठेवली. बेसिक इतके लहान की त्यावर कापलेला भविष्यनिर्वाह निधी पाहून वाईट वाटावे आणि खाली ‘इतर भत्ते’ या एका ओळीत अर्ध्याहून जास्त पगार. तिने विचारले, “हे इतर म्हणजे काय, ते कुणी ठरवलं? आणि पहाटे चारच्या ड्यूटीला कंपनीची गाडी अडीचला उचलते, तो दीड तास कुठे लिहिलाय?” पेणहून त्या वेळेला पोचणे शक्य नाही, म्हणून चौघी मिळून कामोठ्यात खोली घेऊन राहतात. भाडेही त्या इतर भत्त्यांतूनच जाते.

दोन्ही पक्ष गप्प झाले. मला त्या गप्प होण्याचे महत्त्व वाटते. ‘आर या पार’ म्हणणारा आणि ‘काही होणार नाही’ म्हणणारा, दोघांनीही स्लिप वाचलेली नव्हती. आपल्याला किती मिळेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, हिशेब लागतो. आणि तो मागणीपत्र टाइप होण्याआधी, आपापसात, भांडून करावा लागतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे दाखले आहेत.

त्या दीड तासाचेच घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला. पगारवाढ मागितलीच होती, पण लोकांच्या मनाला भिडली ती दुसरी गोष्ट. विमान जमिनीवर उभे असताना प्रवासी चढवणे, सुरक्षेची तपासणी, सामान लावून देणे या कामाचा मोबदला त्यांना मिळत नव्हता. संप सुरू होऊन दिवसही उलटला नाही, तोच सरकारने कामावर जाण्याचा आणि लवाद नेमण्याचा आदेश काढला. संघटनेने तो मानला नाही. तीन-चार दिवसांत समझोता झाला आणि जमिनीवरच्या वेळेचे पैसे मान्य झाले. पुढचा भाग आपल्याकडे कुणी फारसा सांगत नाही. नेत्यांनी आणलेल्या मसुद्यातला पगाराचा भाग सभासदांच्या मतदानाला गेला आणि ९९ टक्क्यांनी तो फेटाळला. नेत्यांचा त्यात अपमान झाला असे मला वाटत नाही. ज्या संघटनेत नेत्याने आणलेला कागद सभासद नाकारू शकतात, त्या संघटनेच्या नेत्याला समोरचा मालक घाबरून असतो. ‘माझे लोक हे मान्य करणार नाहीत’ हे वाक्य वाटाघाटीत फार उपयोगाचे असते, फक्त ते खरे असावे लागते.

आता आपल्या दारातला दाखला. २०२१च्या दिवाळीत एसटीचा संप झाला, तो पेण आणि रोहा आगारांच्या फाटकांवर आपण सर्वांनी पाहिला. महागाई भत्ता आणि घरभाडे मान्य झाल्यावर संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतले. कामगार उठले नाहीत. मागणी एकच उरली, महामंडळाचे शासनात विलीनीकरण. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली, सेवेच्या टप्प्याप्रमाणे अडीच ते पाच हजारांपर्यंत. त्या वेळी टेबलावर जे होते ते वाईट नव्हते. पण ते घ्यायचे की नाही, हे कामगारांच्या वतीने सांगण्याचा अधिकार असलेला माणूसच शिल्लक नव्हता. सरकारने नेमलेल्या समितीने विलीनीकरणाला नकार दिला, ७ एप्रिल २०२२ला उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा म्हणून सांगितले, लोक हजर झाले. विलीनीकरण झाले नाही. त्या कामगारांच्या जिद्दीबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी हे बोलले पाहिजे, की ज्याच्याशी आपण बोलतो आहोत त्याच्या हातात काय आहे, हा प्रश्न आपण पहिल्या दिवशी विचारला नाही. आगार व्यवस्थापकाच्या हातात विलीनीकरण नव्हते, महामंडळाच्याही नव्हते.

विमानतळावर हा प्रश्न दहापट अवघड आहे. छातीवरचा बिल्ला विमान कंपनीचा, नेमणूकपत्र ग्राउंड हँडलिंगवाल्याचे, गेटवर सुरक्षा एजन्सी, सफाईला आणखी एक ठेकेदार आणि जागा विमानतळ चालवणाऱ्याची. मागणीपत्र कुणाच्या नावाने लिहायचे? ठेकेदार म्हणतो, वरून दर वाढवून आणा, मग मी देतो. वरचा म्हणतो, ही माणसे आमची नाहीतच.

यात २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, एकाहून अधिक संघटना असतील तिथे, वाटाघाटी करणारी एकमेव संघटना व्हायचे तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार सभासद हवेत. कुणाकडेच तेवढे नसतील, तर परिषद बनते आणि प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. कुठल्या हजेरीपटाचे ५१ टक्के? तुमचा पट वेगळा, शेजारी तेच काम करणाऱ्याचा वेगळा. संपासाठी चौदा दिवसांची नोटीस लागते. विमान वाहतुकीला ती जुन्या कायद्यातही लागायची, पण आता निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच मोजतात. मे २०२४मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकदम आजारपणाची रजा टाकली, विमाने अडली, पंचवीस जणांना काढले, दोन दिवसांत दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक होऊन त्यांना परत घेतले. तो मार्ग यापुढे तितका मोकळा नाही. ‘आर या पार’वाल्यांनी हे कलम झोपण्याआधी एकदा वाचावे. त्याच संहितांमध्ये आपल्या उपयोगाचेही आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते निम्म्याच्या वर गेले, की वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्या मुलीच्या स्लिपवर बोट ठेवायला आता कायद्याचा आधार आहे.

मान्यता नसेल तर काय होते, हे कोकणातल्या घरांना नव्याने सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. लोक डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६च्या कायद्याने मान्यता होती दुसऱ्याच संघटनेला. रस्ता एकाकडे, टेबल दुसऱ्याकडे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

आणि एकी. एकीवर आपण गाणी म्हणतो, म्हणून तिचा एक कोरडा दाखला देतो. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. एप्रिल-मे २०११मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. दुसरी बाजू त्यात नव्हती. पुढच्या वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी अठ्ठावन्न दिवस संप केला, कशासाठी, तर नव्या ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणात पहिल्या बाजूला वाटा मिळू नये म्हणून. दोन्ही वेळा संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. भरपूर पगार घेणारे, ज्यांच्या जागी सहज दुसरा मिळत नाही असे हे कामगार. त्यांचे सगळे बळ एकमेकांची ज्येष्ठता मोजण्यात गेले. आपापसात भांडायला लोडरला शिकवायला कुणी लागत नाही म्हणतात, वैमानिकालाही लागत नाही बहुधा.

बळ असूनही ते नियमात टिकत नाही, हेही अलीकडेच दिसले. वैमानिकांना आठवड्याला ३६ऐवजी ४८ तास सलग विश्रांती, हा नियम त्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा कुठे लागू झाला. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची माणसे कमी पडली, ५ तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि त्याच दिवशी कंपनीला रात्रपाळीच्या नव्या अटींतून तात्पुरती सूट मिळाली. न्यायालयातून आलेले एका पत्राने सैल झाले. कंपनीच्या आत करारात लिहिलेले असते, तर निदान मोडण्याआधी कुणाला तरी विचारावे लागले असते.

मग बाहेरच्या मदतीवर किती विसंबायचे? ऑक्टोबर २००८मध्ये जेट एअरवेजने एका फटक्यात सुमारे एकोणीसशे लोकांना काढले. राज ठाकरे यांनी मुंबईतून जेटची विमाने उडू देणार नाही असे सांगितले आणि दोन दिवसांत लोक परत घेतले गेले. अनेकांना वाटले, झाले, आपल्याला मार्ग सापडला. १७ एप्रिल २०१९ला त्याच कंपनीचे शेवटचे विमान उडाले, पगार थकलेले होते, मोर्चे निघाले, नेते येऊन गेले. या वेळी समोर देणाराच नव्हता. ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. दडपणाने कंपनीची इच्छा बदलते, तिजोरी भरत नाही. म्हणून कंपनीचा ताळेबंद वाचता येणारा एक तरी माणूस आपल्या समितीत असावा. रोह्यात वाणिज्य शाखेची मुले ढिगाने आहेत, त्यांना बोलवा.

टिकून राहणे म्हणजे काय, ते शिकायला आपल्याला लांब जायला नको. अलिबाग तालुक्यातल्या चरीला २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. पंचवीस गावे, १९३९पर्यंत. जमीन ओसाड पडली, लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले, त्यांनी कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. शेवटी कुळाला कूळ म्हणून कायद्यात जागा मिळाली. त्यांच्याकडे संपनिधी नव्हता, खाडी होती. कामोठ्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीकडे खाडी नाही, भाड्याची तारीख आहे. म्हणून दर महिन्याची वर्गणी. तिच्याशिवाय संपाची भाषा करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

ज्या भूमीवर तो विमानतळ उभा आहे, तिच्या हिशेबाचे दोन शब्द बोलतो. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनावरून झालेल्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, दि. बा. पाटील यांनी झुंज दिली आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आकडा होता म्हणून तो आजही मागता येतो. नोकऱ्यांच्या बाबतीत आपण ‘स्थानिकांना प्राधान्य’ या दोन शब्दांवर समाधान मानले. प्राधान्याला टक्का नाही, मुदत नाही, कुणाची सही नाही.

यंदा १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याला शंभर वर्षे झाली. त्याच शतकाच्या टोकाला तो कायदा नव्या संहितेत विरून गेला. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी युनियनच्या नेत्यांवर न्यायालयातून मनाई आणली, तेव्हा अशा कायद्याची मागणी कायदेमंडळात मांडणारे नारायण मल्हार जोशी आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मवाळ म्हणून त्यांची चेष्टा व्हायची. १९२०मध्ये आयटक स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि पुढे अनेक वर्षे सरचिटणीस राहिले. आरडाओरडा करणारे बरेच येऊन गेले, रजिस्टर मात्र त्यांनी सांभाळले.

आता काम. तिसऱ्या क्रमांकाचा ठराव असा आहे, की पेण आणि रोहा तालुक्यांतून विमानतळावर जाणाऱ्या सर्वांची, कायम असो वा कंत्राटी, नेमणूकपत्र कुणाचेही असो, एकच यादी करावी. प्रत्येकाने आपली पगाराची स्लिप आणि गाडीत बसल्यापासूनच्या वेळांची नोंद समितीकडे द्यावी. आणि मागणीपत्राचा मसुदा मतदानाशिवाय कुणीही, समितीनेसुद्धा, पुढे पाठवू नये. या ठरावावर हात वर करून घाईने मंजुरी घेऊ नका, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे. ज्यांना तो पटत नाही, त्यांनी चहाच्या सुट्टीत चिटणीसांकडे नाव द्यावे. त्यांना आधी बोलू देऊ.