वाडा वापरला तर वाचतो
(दिंडीच्या शताब्दीनिमित्त बोरीवली येथील मेळाव्यात केलेले भाषण)



विणेकरी, चोपदार, टाळकरी मंडळी, आणि गावाकडून येऊन बोरीवलीत संसार थाटलेल्या माझ्या भावांनो, माय-बहिणींनो. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनात उभं राहायची सवय आहे, भाषणाची नाही. तरी आज एका कामासाठी उभा राहिलोय. आपल्या गावचा मुक्कामाचा वाडा विकायला निघालाय. घेणारा तिथं गाळे बांधणार म्हणतो. त्याआधी दोन वाड्यांची गोष्ट ऐका.

पालख्या पुण्यात असतात तेव्हा माउली भवानी पेठेत आणि तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामाला असतात. तिथून गंज पेठ चालत जाण्याजोगी. त्या पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा वाडा आहे. ज्यांना कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं, त्यांच्यासाठी जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद मोकळा केला. त्यांच्या मागं तो वाडा संत सावतामाळी फ्री बोर्डिंगनं घेतला. बोर्डिंग म्हणजे गोरगरिबाच्या पोरांची राहून शिकायची सोय. बघा, वाड्यामागं नाव उभं राहिलं ते आपल्या अरणच्या सावता महाराजांचं! पुढं सरकारनं तो वाडा संरक्षित स्मारक केला. आज तिथं विहीर आहे, तुळशीवृंदावन आहे, माणसं नमस्काराला येतात.

दुसरा वाडा बुधवार पेठेतला, भिड्यांचा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. 1848 साली तिथं फुले पती-पत्नींनी मुलींची शाळा काढली. आज आपल्या लेकी-सुना शिकून नोकरी करतात, त्याची सुरुवात त्या जागेत आहे. पण वाड्यात दुकानं आली, भाडेकरू आले, भिंती खचल्या. स्मारक व्हावं म्हणून लोकांनी आंदोलनं केली, महापालिका कोर्टात लढली. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. 2023 साली नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला, आणि डिसेंबरात तो मोडकळीला आलेला वाडा पाडला. जागा वाचली, तिथं स्मारक होतंय, ही आनंदाची गोष्ट. पण ज्या उंबऱ्यावरून पहिल्या मुली आत गेल्या तो उंबरा आता कुठला दाखवायचा?

लोकांची तळमळ दोन्हीकडं होती. फरक वेळेचा पडला. एका ठिकाणी भिंती उभ्या असतानाच कुणीतरी वाली झाला, दुसऱ्या ठिकाणी भांडण मिटेपर्यंत भिंतीच थकल्या.

आता आपल्या वाड्याकडं या. नमुना आठवर सतरा नावं आहेत. त्यातली निम्मी इथं समोर बसलीत. शंभर वर्षं दिंडी त्याच सोप्यातून निघते. वीणा, पताका तिथंच असतात. बाकी अकरा महिने कुलूप. कुलपातल्या घराला वाळवी लवकर सापडते. एक कौल सरकतं, पाणी आढ्याच्या लाकडात मुरतं, आणि कुणी बघायला नसतं.

माझं म्हणणं एवढंच. पहिलं, मृगाच्या आधी कौलं चाळून घ्यायची. दुसरं, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगते. माती-चुन्याचाच गिलावा करा, जाणते गवंडी अजून आहेत. तिसरं, सोप्यात संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि पखवाजाचा वर्ग चालवा. माडीवर वाचनालय करा. दिवा रोज लागला पाहिजे.

आणि चौथं, पैशाचं. वाटेकऱ्यांत कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे. त्यांनी आपला हिस्सा फुकट सोडावा असं म्हणणं अधर्म आहे. ज्याला गरज आहे त्याचा हिस्सा दिंडीनं रीतसर दस्त करून, योग्य भावानं, हप्त्यानं का होईना, विकत घ्यावा. ज्याला सोडता येईल त्यानं सोडावा. वाडा एकाच्या नावावर नको, दिंडीच्या ट्रस्टच्या नावावर करावा, म्हणजे पुढच्या पिढीत भांडण नको.

इथं रिडेव्हलपमेंटला सगळ्यांच्या सह्या गोळा करायला किती फिरावं लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते फिरणं गावच्या वाड्यासाठी एकदा करा. संमतीचे कागद आणलेत, खालच्या टेबलावर आहेत. वाचून घ्या, वकिलाला दाखवा, घरात विचारा आणि मगच सही करा. येत्या वारीत प्रस्थानाला वाड्याच्या सोप्यात तुमची वाट बघतो.

राम कृष्ण हरी.