एका हरलेल्या डावाची वही
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या आधी मधुमेहावर बोलणं झालं, माझ्यानंतर निवृत्तीचं नियोजन आहे. मधली दहा मिनिटं मी सोंगट्यांच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या पिंट्याला आधीच सांगून ठेवतो, की यात तू मरतोस.

खेळाचं नाव ब्लड बाऊल. मी गेली काही वर्षं नॉटिंगहॅमला राहतो आणि हा खेळ त्याच गावच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा आहे. जर्व्हिस जॉन्सन नावाच्या माणसाने तो रचला आणि १९८६ साली तो पहिल्यांदा बाजारात आला. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या टोकाच्या रेषेत पोचायचं, की टचडाऊन. फक्त इथे पळणारे गडी परीकथेतले असतात. बुटके ड्वार्फ, लांब कानांचे एल्फ, हिरवे ऑर्क, कधी सांगाडेसुद्धा. पटावर लांबीला २६ आणि रुंदीला १५ घरं. प्रत्येक बाजूला ११ गडी. पूर्वार्धात प्रत्येकाला ८ पाळ्या, उत्तरार्धात ८. यातल्या देवाचं नाव नफल. अमेरिकेतल्या एनएफएल या अक्षरांवरून केलेला तो विनोद आहे, आणि फासा वाईट पडला की सगळे त्यालाच शिव्या घालतात.

एक नियम मात्र नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या पाळीत तुमचा एखादा गडी पडला किंवा चेंडू हातून सुटला, तर पाळी तिथेच संपते. उरलेले गडी जागचे हलायचे नाहीत. आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेजारच्या घरातून निसटायचं असेल, चेंडू उचलायचा असेल, झेलायचा असेल, तर फासा टाकावाच लागतो. वाईट पडलेला फासा पुन्हा टाकण्याची सवलत असते, तिला रीरोल म्हणतात. ती मोजकी असते आणि २०२० पर्यंतच्या नियमांत एका पाळीत एकदाच वापरता येत असे.

माझा संघ वुड एल्फांचा. पातळ कातडीचे, पण वाऱ्यासारखे पळणारे. गड्यांना मी तुमची टोपणनावं दिली होती. आमच्या क्लबातले गोरे 'ढब्बू' हा शब्द फार प्रेमाने उच्चारतात. संघात सगळ्यात महाग गडी होता वॉरडान्सर, तेव्हाची किंमत एक लाख वीस हजार सुवर्णमुद्रा. पूर्ण संघ उभा करायला मिळतात दहा लाख, यावरून अंदाज घ्या. पटावर ज्यांच्या हाती लागत नाही असा तो गडी असतो. साहजिकच त्याचं नाव पिंट्या. आपल्या खो-खोच्या मैदानावर त्याला धरताना ज्यांचे गुडघे फुटले, ते इथे बसलेच आहेत.

हे साखळी सामने महिनोन्‌महिने चालतात. गडी अनुभव कमावतात, नवी कौशल्यं शिकतात. आणि मेले, तर मेले. पुढच्या सामन्यात परत येत नाहीत.

२०१८ च्या नोव्हेंबरात माझा सामना होता एका निवृत्त बसचालकाशी. वय सत्तरच्या पुढे. त्यांचे ड्वार्फ होते. ड्वार्फ एका पाळीत ४ घरं चालतो, माझे गडी ७ किंवा ८. कागदावर वाटतं, हे कासव काय करणार? पण ड्वार्फाचं कातडं जाड असतं आणि निसटणाऱ्याला धरून ठेवायची युक्ती त्याला जन्मतः येते.

पूर्वार्धात चेंडू त्यांच्याकडे आला. त्यांनी चेंडूवाल्याच्या चार कोपऱ्यांवर चार गडी उभे केले, त्याला पिंजरा म्हणतात, आणि तो पिंजरा ढकलत आठव्या पाळीला रेषेपलीकडे नेला. १-०. उत्तरार्धात चेंडू माझ्याकडे. दोन पाळ्यांत पिंट्या पार. १-१. मग पुन्हा पिंजरा निघाला. सहाव्या पाळीला तो रेषेच्या तोंडाशी पोचला, आणि आजोबा थांबले. पाऊल टाकलं की गोल होता, पण त्यांनी टाकलं नाही. आत्ता गोल केला असता, तर मला बरोबरी करायला दोन पाळ्या मिळाल्या असत्या.

माझी आठवी, शेवटची पाळी. करण्यासारखं एकच होतं. पिंट्याने पिंजऱ्यावरून आत उडी मारायची आणि चेंडूवाल्याला पाडायचं. उडीला ३ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे तीनात दोनदा जमणार. पुढे धडकेचा एक फासा, त्यात निम्मी शक्यता. दोन्ही मिळून तीनात एक. गणिताच्या बाई मान डोलावताहेत, म्हणजे बरोबर आहे. हातात एक रीरोल असता, तर हीच शक्यता शेकडा ६१ झाली असती. पण रीरोल उरला नव्हता. तीनात एक ही शून्यापेक्षा बरी, म्हणून उडी मारली. आजही मारीन.

फाशावर दोन पडले. पिंट्या पिंजऱ्यात आडवा. चिलखत फुटलं का, फुटलं. जखम किती, मैदानाबाहेर नेण्याइतकी. वैद्य एका सामन्यात एकदाच येतो आणि तो पूर्वार्धात येऊन गेला होता. शेवटच्या तक्त्यावर निकाल आला, मृत. मग आजोबांनी शांतपणे एक पाऊल टाकलं. २-१.

क्लबात रीत अशी, की अशा वेळी सगळे येऊन खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, नफल रुसला. मलाही ते ऐकायला बरं वाटलं. आजोबा मात्र बिअरचे दोन ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, "तुझे रीरोल कुठे गेले, आठवतं?"

मला सवय आहे, की सामन्यातला प्रत्येक फासा मी वहीत टिपतो. (सातवीत बाईंनी प्रयोगवही नीट ठेवायला लावली, त्याचा हा परिणाम.) वही उघडली. एक रीरोल तिसऱ्या पाळीत गेला होता, एक पाचव्यात. दोन्ही वेळा काहीच घडलं नव्हतं. एक गडी निसटून बाजूला सरकला होता, एवढंच. आजोबा म्हणाले, "मी तुझ्या चेंडूच्या मागे नव्हतो. दर पाळीला तुझ्या प्रत्येक गड्याशेजारी एकेक ड्वार्फ आणून ठेवत होतो. तुला हलायचं तर फासा टाकणं भाग होतं."

मग आम्ही मोजलं. धडकांचे फासे सोडून, उत्तरार्धात मी २३ फासे टाकले होते, त्यांनी ६. माझे बहुतेक सोपे होते, फक्त १ पडला तर बिघडणारे. पण बाई, सहात पाच अशी शक्यता सहा वेळा ओळीने साधायची तर तीनात एकदा साधते. तेवीस वेळा साधायची तर शेकड्यात दोनदासुद्धा नाही. म्हणजे कधी ना कधी माझा फासा घसरणारच होता. तो आठव्या पाळीत घसरला म्हणून सगळ्यांना दिसला. नफलचा त्यात संबंध नव्हता.

आणि तिथे, त्या पबच्या वरच्या खोलीत, मला आपले खो-खोचे सर आठवले. सर, तुम्ही म्हणायचात, पळणाऱ्याच्या मागे धावू नका, त्याची जागा खा. आम्हाला ते कधी कळलं नाही, कारण पिंट्या आमच्या बाजूला होता. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ज्या संघाने त्याला बाद केलं, त्यांच्यात एकही फार वेगवान मुलगा नव्हता. ते फक्त वेळेवर खो देत होते आणि पिंट्याला दर वेळी खुंटाकडे वळायला लावत होते. शेवटच्या खोला तो घसरला आणि आपण दोन दिवस मैदानावरच्या ओल्या मातीला दोष दिला. पिंट्या, चाळीस वर्षांनी सांगतो, माती ठीक होती. तू दमला होतास आणि त्यांनी तुला दमवलं होतं.

पुढची गंमत अशी, की वही मोजू लागल्यावर माझा खेळच संथ झाला. आता पाळी आली, की ज्या हालचालींना फासा लागत नाही त्या आधी करतो, मग सोपे फासे, आणि उडीबिडी अगदी शेवटी. नवशिक्यांना हे पहिल्या दिवशी सांगतात. पण त्यामागचा हिशेब मला त्या संध्याकाळी समोर दिसला. आमच्या क्लबात पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे, गडी मेला की त्याचे डोळे भरतात. त्याला मी "चालायचंच" असं म्हणत नाही, वही उघडायला सांगतो. कधी कधी वहीत खरंच काही निघत नाही, निव्वळ वाईट फासे असतात. तेही त्याला दाखवतो. तेव्हा तो लवकर सावरतो असा माझा अनुभव आहे.

पिंट्याच्या जागी नवा वॉरडान्सर घ्यायला मुद्रा साठवाव्या लागल्या, दोन सामने त्याच्याविना खेळलो. नव्याचं नाव काय ठेवायचं, यावर वर्गाच्या ग्रुपवर मतदान घेतलं होतं, तेव्हा उपमुख्याध्यापकांचं नाव सुचवणारे कोण होते ते मी इथे सांगत नाही. वसंतात आजोबांशी परत गाठ पडली. पुन्हा हरलो, १-०. पण शेवटच्या पाळीला माझ्याकडे एक रीरोल शिल्लक होता, आणि त्यांनी तो पाहून भुवई उंचावली.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. डबा मी सोबत आणला आहे, पटही आहे, सोंगट्या रंगवलेल्या आहेत, कृपया तेलकट हात लावू नका. जेवणानंतर तळमजल्यावर चित्रकलेच्या वर्गात बसतो आहे. पिंट्या, तू ड्वार्फ घे.