खोकेभर भेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. तरी आमच्या घरात परमुलखी रुजलेली एक चाल तुमच्या कानावर घालावी, म्हणून उभी आहे.

माझ्या धाकट्या वन्सं अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. त्यांच्या बाळंतपणाला मी तीन महिने तिथे होते. दिवाळी सरली की त्यांच्या घरी बुटांची रिकामी खोकी माळ्यावरून खाली येतात. त्यांत खेळणी, वह्या, रंगपेट्या भरायच्या आणि नाताळाची भेट म्हणून देशोदेशींच्या गरजू मुलांना धाडायच्या.

ही चाल मूळची वेल्समधल्या रेक्सहॅम गावची. १९९० साली रुमानियातल्या अनाथ मुलांचे हाल पाहून तिथल्या लोकांनी गाड्या भरून सामान नेले. १९९३ साली समॅरिटन्स पर्स या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेने काम हाती घेतले आणि युद्धात होरपळलेल्या बॉस्नियातल्या मुलांना खोकी गेली. आजवर वीस कोटींहून अधिक खोकी गेली आहेत.

मला कौतुक वाटले ते त्यांच्या शिस्तीचे. मुलगा की मुलगी, आणि वय दोन ते चार, पाच ते नऊ की दहा ते चौदा, हे खोक्यावर लिहायचे. वस्तू कोरी हवी, वापरलेली चालत नाही. खाऊ नाही, पातळ पदार्थ नाही, खेळातली बंदूकसुद्धा नाही. ऑगस्टात तिकडे शाळा सुरू होण्याआधी वह्या-पेन्सिली स्वस्त मिळतात, तेव्हाच वन्सं त्या घेऊन ठेवतात. थोरला भाचा दहा वर्षांचा. त्याने आपल्याच वयाच्या मुलासाठी हवा काढलेला फुटबॉल आणि सोबत पंप घातला. पंप नसता तर चेंडू कशाचा उपयोगी!

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. संस्था खोक्यांसोबत आपल्या धर्माची पुस्तिकाही वाटते. त्यावरून तिकडेही वाद झाले आहेत. मला वाटते, लेकराच्या हाती भेट द्यावी आणि आपण मोकळे व्हावे. मी तसे बोलून दाखवले. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तुमचे पटते. पण मुलांना लागलेली देण्याची सवय मोडवत नाही.” दोघींचेही म्हणणे आपापल्या जागी राहिले.

भगिनींनो, आपणही दिवाळीत ऊसतोडणीच्या पालांवर कपडे वाटतो. गठ्ठा सोडतो, ज्याला जे मिळेल ते. पोर चार वर्षांचे आणि सदरा दहाव्या वर्षाचा! आपल्या घरी न चालणारे दुसऱ्याच्या पोराला का चालावे?

म्हणून माझी सूचना अशी. यंदा आधी पालांवर जाऊन मुलांची नावे आणि वये विचारून यावी. एका घराने एकाच मुलाचे खोके भरावे. एक नवा कपडा, पाटी किंवा वही, एक खेळणे. खर्च झेपेल तेवढाच करावा. वस्तू निवडायला आपल्या मुलांना बसवावे आणि खोके त्यांच्याच हातून द्यावे. मंडळाचे नाव वर लिहू नये. त्या मुलाचे नाव लिहावे.

ज्यांना पटेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे. पहिले नाव माझे धरावे.